नव्या आवृत्तीचे भांडण नेमके कशावरून होते?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर रविवारी दुपारी चार वाजता सहा माणसे एका टेबलाभोवती बसतात आणि साडेसातपर्यंत उठत नाहीत. टेबलावर पत्ते नसतात, बुद्धिबळाचा पट नसतो. वीस बाजूंचे फासे, पेन्सिली, खोडरबर आणि प्रत्येकासमोर एक कागद, एवढाच पसारा असतो. मध्यंतरी एका रविवारी याच टेबलावर डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या नियमांची दोन जाडजूड पुस्तके शेजारी शेजारी येऊन पडली, एक २०१४ सालचे आणि दुसरे २०२४ सालचे, आणि त्या दिवशी खेळ झालाच नाही. तीन तास नुसता वाद झाला. गेली तीन वर्षे एकच पात्र निष्ठेने खेळणारा माझा भाचा नव्या पुस्तकातले एक पान उघडून माझ्यापुढे धरत म्हणाला, "मावशी, हा माझा माणूसच नाही."

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे तात्या खाली आले. तरुणपणी ते हुतूतूचे नावाजलेले खेळाडू होते आणि खेळावरून भांडण होणे त्यांना नवे नाही. पण मैदानाशिवाय, गुणांशिवाय, हार-जितीशिवाय चाललेल्या खेळाच्या पुस्तकावरून शिकलीसवरलेली मुले हातघाईवर का येतात, हे त्यांना उमजेना. खेळणाऱ्या मुलांचे आईवडीलही मला हेच विचारतात, आणि जानेवारी २०२३ मध्ये किंवा २०२४ च्या उत्तरार्धात या खेळाविषयीच्या बातम्या ज्यांनी वाचल्या, त्यांनाही बहुधा हाच प्रश्न पडला असेल. त्या सर्वांसाठी हे उत्तर मुळापासून मांडते आहे.

आधी खेळ समजून घेऊ

या प्रकाराला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला पात्रखेळ म्हणू. त्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. तो कसा चालतो हे समजण्यासाठी कीर्तन डोळ्यांसमोर आणा. बुवा उत्तररंगात आख्यान रंगवत आहेत, नायक पुराने फुगलेल्या नदीच्या काठी येऊन उभा आहे, आणि तेवढ्यात श्रोत्यांपैकी एकाला असे म्हणायचा हक्क आहे की, "मी नावेची वाट पाहत नाही, त्या मोडक्या झुलत्या पुलावरून जातो." बुवांना आता कथा त्या पुलावरूनच पुढे न्यावी लागते. पात्रखेळात प्रत्येक खेळाडू असा एकेका पात्राचा धनी असतो आणि उरलेले सारे जग, म्हणजे नदी, गावकरी, राक्षस, पाऊसपाणी, एकाच माणसाच्या हाती असते. त्याला खेळाडू डीएम म्हणतात; मी सूत्रधार म्हणेन. आमच्या टेबलावर ते काम माझ्याकडे आहे.

आता पूल ओलांडता येईल की नाही, हे कोणी ठरवायचे? सूत्रधाराने मनाने ठरवले तर पक्षपाताचा संशय येतो, आणि खेळाडूनेच ठरवले तर उत्कंठा उरत नाही. म्हणून फासा टाकतात. सूत्रधार सांगतो की या पुलासाठी १५ लागतील. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपल्या चपळाईचे, समजा, ३ मिळवतो. म्हणजे फाशावर १२ ते २० यांपैकी काही पडले पाहिजे. वीस शक्यतांपैकी नऊ त्याच्या बाजूच्या, म्हणजे शेकडा ४५. चपळाई किती, अंगात किती जखमा सोसण्याची ताकद उरली आहे, कोणते मंत्र येतात, हे सगळे त्याच्या समोरच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेले असते, आणि त्या कागदाला सगळे जण 'शीट' म्हणतात. खेळाला शेवटची शिटी नसते. एकच कथा आठवड्यामागून आठवडे, कधी कधी वर्षानुवर्षे चालते.

नियम बदलणे बडोद्याला नवे नाही

तात्यांना मी आधी त्यांच्याच खेळाची आठवण करून दिली. हुतूतू एके काळी गावोगाव वेगवेगळा खेळला जाई. संजीवनी पद्धतीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी उठून पुन्हा खेळू लागे. गामिनीत एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर पद्धतीत बाद झाला तरी मैदान सोडायचेच नाही, फक्त गुण मोजायचे. संजीवनी खेळणारा संघ गामिनी खेळणाऱ्या गावात गेला की सामना बाजूला राही आणि आधी वाद होई. आपल्याच बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे नियम प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी त्यांनुसार अखिल भारतीय सामने भरवले. दोन अनोळखी संघांना न भांडता एकमेकांसमोर उभे राहता यावे, हे छापील नियमाचे पहिले काम असते, आणि पात्रखेळाचे पुस्तकही आधी हेच काम करते.

"ते खरे," तात्या म्हणाले, "पण नियम आमचेही बदलले. हुतूतूची कबड्डी झाली. आता तर टीव्हीवर तीस सेकंदांत चढाई संपवावी लागते आणि दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणलाच पाहिजे. मला नाही आवडत. पण म्हणून मी काही कोणाच्या घरी जाऊन पुस्तके आपटली नाहीत."

तात्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि हुतूतू व पात्रखेळ यांतला खरा फरकही तिथेच आहे.

चालू सामन्यातच नियम बदलला तर?

कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांत संपतो. नियम बदलला तर तो पुढच्या सामन्यापासून लागू होतो; काल मारलेली चढाई कालच्या नियमाने झाली आणि तिचा गुण वहीत जमा झाला. पात्रखेळात सामना संपलेलाच नसतो. भाच्याचे पात्र तीन वर्षांपूर्वी जन्माला आले, त्याच्या जखमा, कमाई, शपथा आणि शत्रू त्या शीटवर साठत गेले, आणि नवे पुस्तक आले तेव्हा ते पात्र एका मोहिमेच्या ऐन मध्यावर उभे होते. म्हणजे येथे पंच मध्यंतरालाच येऊन सांगतो की आता मैदान थोडे वेगळे आहे.

त्याचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. भाच्याचा माणूस पॅलाडिन आहे, म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धा. तलवारीचा वार लागला की आपल्या राखीव दैवी शक्तीतला एक वाटा त्यात ओतून जास्तीची इजा करायची, हे त्याचे खास अस्त्र. त्याला 'स्माईट' म्हणतात. सगळ्यांत लहान वाटा ओतला तर आठ बाजूंचे दोन फासे जास्तीचे टाकायचे, म्हणजे सरासरी ९ इजा. पात्र अनुभवाने एकेक पातळी चढत जाते; पाचव्या पातळीपासून पॅलाडिन एका पाळीत दोन वार करतो, आणि २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे दोन्ही वार लागले तर दोन्हींवर स्माईट करता येई: सरासरी १८. नव्या पुस्तकात स्माईट हा मंत्र झाला आहे, तो पाळीत एकदाच म्हणता येतो: सरासरी ९. राखीव शक्ती कमी झालेली नाही, ती एका दमात उधळता येत नाही इतकेच. उलट हाताच्या स्पर्शाने जखम भरण्याची त्याची शक्ती नव्या नियमात सोपी झाली आहे, कारण तिच्यासाठी आता वार करण्याची संधी घालवावी लागत नाही.

आकड्यांनी पाहिले तर हा व्यवहार फार तोट्याचा नाही. पण दीड वर्षापूर्वीच्या एका संध्याकाळी, आमच्या मोहिमेतल्या दगडी पुलावर, बाकी सगळे जायबंदी होऊन पडले असताना या मुलाने एकाच पाळीत दोन वार आणि दोन स्माईट करून राक्षस लोळवला होता. स्वयंपाकघरातून ताई धावत आली इतका आरडाओरडा झाला. त्या संध्याकाळची गोष्ट आमच्यात अजूनही निघते. नव्या पुस्तकाप्रमाणे तो पराक्रम घडूच शकला नसता. "हा माझा माणूसच नाही" या वाक्यामागे ती संध्याकाळ होती.

त्याच टेबलावर धनुर्धारी स्त्रीचे पात्र खेळणारी त्याची मैत्रीण मात्र नवा नियम वाचून सुखावली. "माझी पाळी येईपर्यंत मोठा शत्रू बहुतेक मेलेलाच असतो," ती म्हणाली, "मी तीन वर्षे तुझ्या पराक्रमांना टाळ्या वाजवते आहे." नियम बदलणाऱ्यांनी तो बदलला असेल तो तिच्यासारख्यांसाठी, आणि तिचे गाऱ्हाणेही तितकेच खरे आहे.

पन्नास वर्षांत काय काय बदलले

हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे दोन कर्ते. दोघेही युद्धखेळांच्या नादातले, म्हणजे टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणारे. सेनेऐवजी एकेका माणसाची गोष्ट खेळावी, ही कल्पना त्यातून वाढली. पहिली छपाई जेमतेम एक हजार संचांची होती आणि त्या लहान पुस्तिका इतक्या त्रोटक होत्या की प्रत्येक टेबलाने आपापल्या परीने रिकाम्या जागा भरल्या. म्हणजे सुरुवातीपासूनच हा खेळ संजीवनी-गामिनीसारखा गावोगाव वेगळा होता. १९७७ ते १९७९ या काळात 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीची तीन जाड पुस्तके आली ती या विविधतेला एका चौकटीत बसवण्यासाठी.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सैतान आणि पिशाच्च यांसाठी रूढ असलेले शब्द काढून तेथे बनवलेली नावे घातली गेली, कारण आधीच्या दशकभर अमेरिकेत काही पालक आणि धार्मिक गट हा खेळ मुलांना बिघडवतो असा प्रचार करत होते. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत ते शब्द परत आले. दरम्यान १९९७ मध्ये मूळची, कर्जात बुडत चाललेली टीएसआर ही कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि १९९९ मध्ये विझर्ड्सलाच हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने घेतले.

तिसऱ्या आवृत्तीने गणितही उलटे केले. जुन्या पद्धतीत चिलखताचा आकडा जितका कमी तितके चिलखत चांगले. वार करणाऱ्याचा एक आकडा असे, समजा १८. त्यातून समोरच्याच्या चिलखताचे ४ वजा करायचे आणि फाशावर १४ किंवा जास्त आणायचे. नव्या पद्धतीत तेच चिलखत १६ चे झाले आणि वार करणाऱ्याला २ मिळाले. फाशावर १४ पडले की १६ भरतात. शक्यता अगदी तीच, पण वजाबाकी गेली आणि बेरीज आली. सुरुवातीला कुरकुर झाली, तरी आज नव्याने शिकणाऱ्या कोणाला ती वजाबाकी परत हवी आहे असे मला दिसत नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला 'अ‍ॅडव्हांटेज'चा नियमही असाच रुजला. परिस्थिती तुमच्या बाजूची असेल तर दोन फासे टाका आणि मोठा घ्या. ११ किंवा जास्त हवे असतील तर एका फाशाने शक्यता शेकडा ५०, दोन फाशांनी ७५. आधी अशा प्रसंगी चार-पाच लहानमोठ्या बेरजा-वजाबाक्या कराव्या लागत. त्या सगळ्यांच्या जागी टेबलावर दुसरा फासा खळखळतो, आणि लहान मूलही ते समजते. हाताचे कष्ट वाचवणारा बदल खेळाडू कुरकुर करत का होईना, पण घेतात, हे या इतिहासातून स्पष्ट दिसते.

चौथ्या आवृत्तीचे काय बिनसले

मग २००८ ची चौथी आवृत्ती का नाकारली गेली? खरे तर ती फार काळजीपूर्वक बांधलेली होती. आधीच्या आवृत्त्यांत जादूगार वरच्या पातळीला पोहोचला की योद्ध्याला करण्यासारखे फारसे काही उरत नसे; चौथ्या आवृत्तीने योद्धा, जादूगार, पुजारी या सर्वांना एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या, काही वाटेल तेव्हा वापरायच्या, काही एका चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. समतोल साधला. सूत्रधाराची तयारी सोपी झाली. मी ती आवृत्ती वर्षभर चालवली आहे आणि तिच्यावर नंतर झालेली टीका मला पुष्कळदा अन्यायाची वाटते.

तरीही टीकेचा गाभा समजण्यासारखा होता. पूर्वीचा जादूगार सकाळी बसून आजचे मंत्र पाठ करी, एकदा म्हटलेला मंत्र त्याच्या स्मरणातून पुसला जाई, आणि योद्धा मात्र दिवसभर तलवार चालवू शके. हे गैरसोयीचे होते, पण त्या गैरसोयीतूनच जादूगार असणे म्हणजे काय हे हाताला कळत असे. दोघांची शीट एकसारखी दिसू लागली तेव्हा त्या दोन माणसांतले अंतर पुसले गेले असे अनेकांना वाटले. ख्याल आणि ठुमरी दोन्ही सारख्याच मिनिटांत, सारख्याच आलाप-तानांत बसवून गायला सांगितल्यासारखे ते होते. हिशेब जुळतो, पण ऐकणाऱ्याला दोन गाणी ऐकल्यासारखे वाटत नाही.

नाराज खेळाडूंना जायला जागाही मिळाली. पूर्वी याच खेळाची मासिके छापणाऱ्या पायझो नावाच्या कंपनीने तिसऱ्या आवृत्तीचेच नियम सुधारून २००९ मध्ये 'पाथफाइंडर' हा खेळ काढला आणि तो जोरात चालला. दुसऱ्याच्या खेळाचे नियम घेऊन स्वतःचे पुस्तक छापणे तिला कायद्याने कसे जमले, हे कळल्याशिवाय २०२३ चा उद्रेक समजत नाही.

शेव-उसळीची कृती आणि खुला परवाना

शेव-उसळ कशी करायची, यावर बडोद्यात कोणाचीही मालकी नाही. वाटाण्याची उसळ, तिखट तर्री, वर शेव आणि कांदा. ही रीत कोणीही उचलावी. पण एखाद्याने ती कृती आपल्या शब्दांत लिहून पुस्तक छापले तर ते शब्द त्याचे असतात, ते जसेच्या तसे दुसऱ्याला छापता येत नाहीत. कल्पनेवर हक्क नाही, मांडणीवर आहे, हा भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ च्या एका निकालात स्पष्ट केला आहे. खेळाचे नियम बरेचसे कृतीसारखे असतात, पण कृती कोठे संपते आणि शब्द कोठे सुरू होतात यावर कोर्टात वर्षे जाऊ शकतात, आणि लहान प्रकाशकाला तो खर्च झेपत नाही.

२००० साली विझर्ड्सने ही भीती स्वतः होऊन दूर केली. ओपन गेम लायसन्स, म्हणजे खुला परवाना, काढून तिने सांगितले की आमच्या नियमांचा अमुक भाग, आमच्याच शब्दांत, तुम्ही वापरा आणि आपली पुस्तके विका. शेकडो लेखक, चित्रकार आणि लहान प्रकाशक त्या भरवशावर उभे राहिले. जुन्या, १९७० च्या दशकातल्या पद्धतीचे नियम पुन्हा लिहून छापणारेही त्यातूनच पुढे आले, आणि पाथफाइंडरही.

जानेवारी २०२३ मध्ये या परवान्याचा नवा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द समजावा आणि वर्षाला ७,५०,००० डॉलरहून जास्त उत्पन्न असलेल्या प्रकाशकांनी वरच्या रकमेवर २० ते २५ टक्के द्यावेत, असे त्यात होते. एकाही टेबलावरचा एकही नियम यामुळे बदलणार नव्हता. भाच्याच्या स्माईटला धक्का लागणार नव्हता. तरी पन्नास वर्षांतला सर्वांत मोठा संताप उसळला तो या वेळी. लोकांनी कंपनीच्या संकेतस्थळाची वर्गणी बंद केली, पायझोने इतर प्रकाशकांना घेऊन नवा स्वतंत्र परवाना काढण्याची घोषणा केली, आणि कंपनीने मते मागवली तेव्हा १५,००० हून जास्त लोकांनी ती कळवली. त्यांतील ८९ टक्के जुना परवाना रद्द करण्याच्या विरोधात होते. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या कोणालाही वापरता येणाऱ्या सार्वजनिक परवान्याखाली खुले केले. हा परवाना नंतर मागे घेता येत नाही.

मला या घटनेतून सगळ्या भांडणांचा उलगडा झाला. गणित बदलले की खेळाडू कुरकुर करतात, पात्राचा पोत बदलला की दुखावतात. पण एकदा दिलेला शब्द फिरवला जातो आहे असे दिसले की ते उठून उभे राहतात. कारण पात्रखेळाचे पुस्तक हे अर्धेच असते. उरलेला अर्धा खेळ प्रत्येक टेबल स्वतः घडवते, आपली गावे, आपले देव, आपले अपवाद त्यात घालते, आणि इतकी वर्षे आपण घातलेले श्रम आपलेच राहतील या विश्वासावर ते घडवते.

कपाटातले पुस्तक आणि पडद्यावरचे पुस्तक

ऑगस्ट २०२४ मध्ये याचेच छोटे रूप दिसले. बरेच खेळाडू आता शीट कागदावर ठेवत नाहीत. कंपनीच्या डी अँड डी बियाँड या संकेतस्थळावर ठेवतात, तेथे आकडेमोड आपोआप होते. नवी पुस्तके येण्याच्या तोंडावर कंपनीने कळवले की तेथल्या शीटवर जुन्या मंत्रांच्या आणि जादुई वस्तूंच्या जागी नवे मजकूर येतील. ज्यांनी जुनी पुस्तके पैसे देऊन घेतली होती आणि ज्यांच्या मोहिमा मध्यावर होत्या, त्यांच्या पात्रांचे मंत्र झोपेतून उठेपर्यंत बदललेले असणार होते. काही दिवसांतच कंपनीने तो निर्णय मागे घेतला.

छापील पुस्तक विकत घेतले की ते तुमचे होते, त्यातले पान रात्रीत कोणी बदलत नाही. पडद्यावरच्या पुस्तकाच्या बाबतीत आपण बहुधा वाचण्याची परवानगी विकत घेतलेली असते. पात्रखेळ न खेळणाऱ्यांनीही या गोष्टीकडे लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण शाळेची पुस्तके, गाणी आणि हिशेबाच्या वह्याही आता त्याच वाटेने चालल्या आहेत.

"जुने पुस्तक आहे ना घरात? मग खेळा की त्याने"

हा तात्यांचा आक्षेप, आणि तो सर्वांत जास्त ऐकू येतो. उत्तर असे की हो, खेळता येते, आणि पुष्कळ जण खेळतात. पण मराठी लेखनाचे उदाहरण घ्या. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि जुन्या लेखनातले अनुच्चारित अनुस्वार गेले. 'नाहीं' आणि 'कांहीं' लिहायला कोणी बंदी केली नाही. माझे आजोबा शेवटपर्यंत तसेच लिहीत. पण शाळेत शिकवणे थांबले, छापखान्यात जुळवणे थांबले, आणि हळूहळू ते लेखन फक्त आजोबांच्या पत्रांत उरले. जुन्या आवृत्तीचेही असेच होते. टेबलावरचा एक जण नोकरीसाठी पुण्याला गेला की त्याच्या जागी येणारा नवा खेळाडू दुकानात मिळणारे पुस्तक घेऊन येतो, आणि नवी साहसे नव्या नियमांसाठी लिहिली जातात. आमच्यासारख्या गावात, जेथे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेथे हे अधिकच जाणवते.

"हा सगळा पैशांचा मामला आहे"

काही अंशी आहे, यात शंका नाही. एक संच पुस्तके घेतली की एक टेबल दहा वर्षे खेळू शकते. कंपनीला पुन्हा विक्री हवी असेल तर नवी आवृत्ती काढावीच लागते. पण तेवढ्यावर थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. लाखो टेबलांवर दहा वर्षे खेळ झाल्यावर नियमांतले दोष उघडे पडतात, आणि ते ज्याच्या वाट्याला आले त्याला खरोखर जाचतात. २०१४ चा रेंजर, म्हणजे रानवाटांचा जाणकार शिकारी, इतका फिका होता की दोनच वर्षांनी कंपनीने स्वतः त्याचे सुधारित रूप चाचणीसाठी दिले. पाचव्या आवृत्तीचे नियम २०१२ पासून लोकांकडून खेळवून, मते घेऊन घडवले होते, आणि त्या आवृत्तीचे इतके मनापासून स्वागत झाले याचे एक मोठे कारण तेच असावे असे मला वाटते: बदल होणार हे ठाऊक होते, आणि विचारले गेले होते.

'रेस' हा शब्द का गेला?

२०२४ च्या पुस्तकात एल्फ, ड्वार्फ, ओर्क या माणसांसारख्या काल्पनिक जीवांसाठी वापरला जाणारा 'रेस' हा शब्द गेला आणि 'स्पीशीज' आला. त्याबरोबर एक नियमही गेला. पूर्वी एल्फ म्हणून जन्मला तर चपळाईत २ जास्त, ड्वार्फ म्हणून जन्मला तर काटकपणात २ जास्त मिळत. २०२० पासून ते हवे तेथे लावण्याची मुभा आली, आणि आता ती वाढ पात्राच्या पूर्वायुष्यातून, म्हणजे तो शेतकरी होता की सैनिक की लेखनिक, यावरून मिळते. अंधारात दिसणे यासारखे जन्मजात गुण राहिले आहेत.

अनेकांना हे नको ते राजकारण वाटते, आणि काहींचा आक्षेप साधा आहे: ड्वार्फ ड्वार्फासारखा वाटला पाहिजे. हा दुसरा आक्षेप मी मनापासून समजू शकते. तो चौथ्या आवृत्तीवरच्या आक्षेपाचाच भाऊ आहे. पण मराठीतून खेळणाऱ्या टेबलावर ही अडचण पुस्तकाआधीच आलेली असते. पहिल्या दिवशी नव्या मुलाला 'रेस'चे मराठी करून विचारायचे तर तोंडात येणारा शब्द 'जात' हा असतो, आणि तो मी कधीही उच्चारू शकले नाही. आम्ही 'कूळ' म्हणू लागलो. ज्या शहराच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला शिकायला गेले आणि नोकरीसाठी परतल्यावर ज्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, त्या शहरात बसून 'जन्माने बुद्धी दोनने जास्त' असे शीटवर लिहिताना माझा हात अडखळत असे. हा बदल मला हवा होता.

आमच्या टेबलावर काय ठरले

खेळाडू अशा वेळी 'हाऊस रूल' करतात, म्हणजे त्या घरापुरता नियम. पुढच्या रविवारी आम्ही तेच केले. जखम भरण्याचे मंत्र नव्या पुस्तकाचे घेतले, कारण जुन्यात एक फासा पडे तेथे आता दोन पडतात आणि पुजाऱ्याचे पात्र खेळणाऱ्याला त्याची फार गरज होती. कूळ आणि पूर्वायुष्य नव्याप्रमाणे. स्माईटवर बराच वेळ गेला. शेवटी धनुर्धारी मुलीनेच सुचवले की चालू मोहीम संपेपर्यंत त्याचा स्माईट जुना राहू द्यावा, मात्र दुसरा स्माईट करण्याआधी त्याने टेबलाला विचारावे की आणखी कोणाला हा वार हवा आहे का. भाच्याने ते मान्य केले. नवी शीट भरायला घेतली नाही. जुनीच, खोडून खोडून मधोमध पातळ झालेली, मागून चिकटपट्टी लावून त्याने पुन्हा समोर ठेवली.

तात्या पूर्ण वेळ खुर्चीत बसून ऐकत होते. उठताना त्यांनी एकच विचारले, "तुमच्यात मेलेला गडी उठतो की नाही?"

"उठतो, तात्या," मी म्हणाले. "तिसऱ्या पातळीचा मंत्र आहे. मेल्यापासून एका मिनिटाच्या आत म्हणावा लागतो आणि ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्ची पडतो."

"कोणत्या पुस्तकात?"

"दोन्ही पुस्तकांत तेच आहे."

"म्हणजे संजीवनीच," तात्या म्हणाले, आणि पुढच्या रविवारी चार वाजता येतो असे सांगून वर गेले.